रस्त्याच्या धुळीत शिसं आहे, मग घर विकू का?

पत्र थोडक्यात असं: "आमचं घर मोठ्या चौकाला लागून आहे, पहिल्या मजल्यावर. मुलगा पावणेदोन वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी बातमी वाचली की शहरातल्या रस्त्यांवरची धूळ तपासली आणि त्यात शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त हे सगळं नैसर्गिक प्रमाणाच्या कित्येक पट निघालं. त्या दिवसापासून मी मुलाला खाली खेळायला नेलेलं नाही, रस्त्याकडच्या खिडक्या बंद असतात, बाहेर पडलोच तर त्याला मास्क लावते आणि तो पाच मिनिटांत काढून टाकतो. एका ओळखीच्या बाईंनी शरीरातले धातू बाहेर काढणारे डिटॉक्स ड्रॉप्स सुचवलेत, अजून दिलेले नाहीत. मला घर विकून लांब जायचंय, पण कर्ज अजून अर्धंही फिटलेलं नाही. नवरा म्हणतो, मी याच रस्त्यावर लहानाचा मोठा झालो, मला काय झालं? रोज यावरून भांडण होतं. मी उगाच घाबरतेय का, की तो बेफिकीर आहे?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण तोच तुम्हाला जास्त छळतोय असं वाटलं. तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. रस्त्याच्या धुळीत विषारी धातू असतात हे खरं आहे, जगभरातल्या शहरांत ते सापडलेत, आणि पावणेदोन वर्षांचं मूल म्हणजे त्यांचा त्रास सगळ्यात जास्त ज्या वयात होतो नेमकं तेच वय. पण गेले तीन महिने तुम्ही ज्या वाटेवर पहारा देताय ना, मुलाच्या पोटात जाणारी धूळ बहुतेक त्या वाटेने येतच नाहीये. यावर मी सविस्तर बोलणार आहे कारण घर विकायचा निर्णयसुद्धा यावरच ठरेल.

आधी ती बातमी बघू. "कित्येक पट" हा शब्द वाचला की पोटात गोळा येतो, पण कशाच्या कित्येक पट? मी काही वर्षं माती आणि धुळीचे नमुने तपासायचं काम केलंय. पद्धत साधारण अशी असते की रस्त्याच्या कडेची धूळ ब्रशने गोळा करायची, चाळून बारीक भाग वेगळा काढायचा (६३ मायक्रॉनच्या खालचा, कारण धातू बारीक कणांनाच जास्त चिकटलेले असतात), मग तो कडक ॲसिडमध्ये विरघळवायचा आणि मशिनवर मोजायचं. आलेला आकडा पृथ्वीच्या कवचात तो धातू मुळात जेवढा असतो त्याच्याशी ताडून बघतात. कवचात शिसं असतं साधारण १७ ते २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १७ ते २० भाग. समजा रस्त्यावर १०० पीपीएम निघालं तर बातमी होणार "पाचपट", आणि ती खोटीही नाही. पण अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने घराभोवतीच्या मातीसाठी २०२४ मध्ये जी रेषा कडक केली ती ४०० वरून २०० पीपीएमवर आणली. म्हणजे "पाचपट" वाचून जे चित्र डोळ्यांसमोर येतं आणि प्रत्यक्ष धोका, यात अंतर असू शकतं. शिवाय लॅबमधलं ॲसिड जेवढं विरघळवतं तेवढं सगळं मुलाच्या पोटात विरघळत नाही. पण म्हणून निर्धास्त व्हा असंही मी म्हणणार नाही, कारण शिशाची अमुक पातळी सुरक्षित असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही, अशी पातळी माहीतच नाही असं ती स्पष्ट म्हणते.

दुसरं म्हणजे बातमीत चार धातू एका दमात सांगितले की चारही सारखेच वाटतात. तसं नसतं. जस्त मुख्यतः टायर झिजून येतं, टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड घातलेलंच असतं, आणि जस्त आपल्या शरीराला लागतंही. तांबं (आणि अँटिमनी नावाचा आणखी एक धातू) येतं ब्रेकमधून, दरवेळी ब्रेक दाबला की पॅडचा थोडासा भुगा उडतो, म्हणूनच चौकात आणि सिग्नलला हे धातू सरळ रस्त्यापेक्षा जास्त सापडतात. त्या तांब्याचा जास्त त्रास होतो तो पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत गेल्यावर माशांना, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१० मध्ये ब्रेक पॅडमधलं तांबं कमी करायचे कायदे केले ते याचसाठी. अशा बातम्यांत कधी क्रोमियमही असतं, पण नुसतं "क्रोमियम सापडलं" म्हणून काहीच कळत नाही, कुठल्या रूपात आहे त्यावर सगळं ठरतं. कॅडमियम वाईटच, पण धुळीत ते फार थोडं असतं आणि माणसाच्या शरीरात जातं ते मुख्यतः अन्नातून आणि सिगरेटच्या धुरातून. तुमच्या मुलाच्या वयाला खरी काळजी करायची ती शिशाची. बाकीच्यांची भीती तुम्ही थोडी खाली ठेवू शकता, एवढी मोकळीक स्वतःला द्या.

आता शिसं अजून रस्त्यावर कसं, पेट्रोलमधून तर ते कधीच काढलं ना? काढलं, पण १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये घातलं जात होतं आणि गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, त्याने ते बंद केलं २०२१ मध्ये. या जवळपास १०० वर्षांत गाड्यांच्या धुरातून जे बाहेर पडलं ते रस्त्याकडेच्या मातीत वरच्या काही सेंटिमीटरमध्ये पडून आहे, कारण शिसं कुजत नाही, विरत नाही, वाऱ्याने उडतं आणि पुन्हा बसतं, खणलं की वर येतं. त्यात भर जुन्या इमारतींच्या आणि पुलांच्या रंगाची, रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या काही रंगांची, चाकांना बॅलन्सिंगसाठी लावलेल्या शिशाच्या तुकड्यांची, ते निखळून पडतात आणि गाड्यांखाली दळले जातात. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात हॉवर्ड मिल्की या संशोधकाने कित्येक वर्षं मातीतल्या शिशाचे नकाशे केले आणि जिथे माती वाईट तिथल्या मुलांच्या रक्तातही शिसं जास्त हे दाखवलं. २००५ च्या कतरिना वादळानंतर तिथल्या मातीतलं शिसं कमी होत गेलं तसं मुलांच्या रक्तातलंही उतरत गेलं. हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, माती सुधारली की आकडा उतरतो.

तुमच्या नवऱ्याच्या वाक्याबद्दल. "मला काय झालं" हे आपण सगळेच म्हणतो आणि त्यात तुम्हाला कमी लेखायचा हेतू नसतो, त्यालाही भीती वाटतच असणार. पण शिशाच्या बाबतीत हे वाक्य चालत नाही, कारण कमी प्रमाणातलं शिसं दिसेल असं काही करतच नाही. ताप नाही, पुरळ नाही, काही नाही. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं, आणि वरवर ठणठणीत असलेल्या मुलांमध्येही ज्यांच्या दातांत शिसं जास्त त्यांचं लक्ष लागणं आणि बुद्धिमापनाचे गुण कमी निघाले. म्हणजे आपल्याला झालं की नाही ते आपल्याला कळायचा मार्गच नाही. पण याची दुसरी बाजूही त्यांच्यासमोर ठेवा. अमेरिकेत १९७६ ते १९८० दरम्यान १ ते ५ वर्षांच्या मुलांच्या रक्तात सरासरी साधारण १५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात) शिसं होतं, आता ते १ च्याही खाली आहे, रस्ते तेच, पण पेट्रोल आणि रंग बदलले. तुमचा मुलगा एका पिढीआधीच्या मुलांपेक्षा बऱ्या जगात आलाय हेही खरंच आहे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही खिडक्या बंद केल्या, मास्क लावला, म्हणजे तुम्ही नाकाची वाट अडवली. पण या वयाच्या मुलात धुळीतलं शिसं मुख्यतः तोंडातून जातं. जमिनीवर हात, हात तोंडात, खेळणं खाली पडलं की उचलून तोंडात, दिवसभर हेच. या वयाची मुलं रोज पन्नास-शंभर मिलिग्रॅम धूळमाती अशीच नकळत गिळतात. हिशोब करून बघू म्हणजे अंदाज येईल: ५० मिलिग्रॅम धूळ आणि तिच्यात १०० पीपीएम शिसं धरलं तर पोटात गेलं ५ मायक्रोग्रॅम, त्यातलं लहान मूल निम्म्याच्या आसपास शोषून घेऊ शकतं, मोठ्या माणसाच्या चार-पाच पट. आता हातावरची आणि फरशीवरची धूळ निम्मी केली तर आकडाही निम्मा. तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि तिच्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

मग ही धूळ घरात येते कशी? थोडी खिडकीतून, पण खूपशी चपलाबुटांवरून. तुम्ही खिडकी लावून घेतली आणि रोज संध्याकाळी घरातली माणसं चौकातून चालत येऊन तेच बूट हॉलमध्ये काढतायत असं असेल, तर धूळ आत येतच राहिली, फक्त तिला बाहेर जायला वाट उरली नाही. म्हणून पहिलं काम दाराशी. चपला-बूट दाराबाहेर, सगळ्यांचे, पाहुण्यांचेसुद्धा, बाहेर एक खरखरीत पायपुसणं आणि आत एक, आणि दोन्ही आठवड्याला झटकायची नाहीत, धुवायची. हे नवऱ्याला सांगताना "तुझ्या बुटांमुळे" असं नका म्हणू, दाराशी रॅक लावायचं काम त्यालाच द्या, माझा अनुभव आहे की भीती पटवण्यापेक्षा काम वाटून घेणं लवकर होतं.

दुसरं काम फरशीचं. कोरडा झाडू मारला की बारीक धूळ उडते आणि थोड्या वेळाने परत खाली बसते, ज्या कणांची काळजी आहे नेमके तेच उडतात. त्यामुळे ओल्या फडक्याने पुसा, मूल रांगतं-खेळतं ती जागा रोज आणि बाकीचं घर दोन दिवसांनी चालेल, पाणी मध्येच बदला नाहीतर तीच धूळ घरभर पसरते, आणि ते पाणी कुंडीत ओतू नका. व्हॅक्युम असेल तर हेपा फिल्टरवाला (हा फिल्टर अगदी बारीक कणही अडवतो), साधा असेल तर बारीक धूळ मागून परत बाहेर फेकतो. खिडकीची चौकट, खिडकीची खाच आणि बाल्कनी या तीन जागा सगळ्यात घाण असतात, आणि मुलं खिडकीच्या कठड्याला उभी राहून नेमकी तीच चौकट चाटतात हे मी कित्येक घरांत पाहिलंय. पडदे आणि गालिचेही धूळ धरतात, शक्य असेल तर मुलाच्या खोलीतला गालिचा काही महिने गुंडाळून ठेवा.

तिसरं हात. खाण्याआधी, झोपण्याआधी, आणि बाहेरून आल्या आल्या, साबण आणि वाहत्या पाण्याने. सॅनिटायझर इथे काहीच करत नाही, तो जंतू मारतो, धातू मरत नसतो, त्याला धुऊनच काढावं लागतं. नखं बारीक ठेवा. अंगठा चोखायची सवय असेल तर त्यावरून रागवू नका, हात धुवा, बस.

खिडक्या उघडा हो. रहदारी कमी असते तेव्हा, आणि रस्त्याच्या उलट बाजूच्या आधी. आणि मुलाला बाहेर न्या, तीन महिने घरात कोंडलेल्या पोराचं नुकसान कुठल्याही रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही पण होतं. जागा निवडताना हिरवळ किंवा झाकलेली जमीन बघा, उघडी कोरडी माती रस्त्यालगत असेल तर ती टाळा, कारण शिशाचं प्रमाण रस्त्यापासून वीस-पन्नास मीटरमध्येच बरंच उतरत जातं. त्यामुळे बागेत आतल्या बाजूला खेळणं आणि कुंपणापाशी खेळणं यात खरंच फरक आहे.

खाण्याचं थोडक्यात सांगते. रक्तात लोह कमी असेल किंवा आहारात कॅल्शियम कमी असेल तर शरीर शिसं जास्त ओढून घेतं, आणि रिकाम्या पोटी तर आणखी जास्त. त्यामुळे वेळेवर खाणं आणि लोहाची तपासणी हा धुळीवरचाच उपाय आहे असं समजा.

आता तपासणी, जी खरं तर तुम्ही तीन महिन्यांपूर्वीच करायला हवी होती आणि कुणी सुचवली नाही याचं मला वाईट वाटतं. बालरोगतज्ज्ञांना सांगून मुलाच्या रक्तातलं शिसं मोजून घ्या. शिरेतून काढलेलं रक्त असावं, बोटाला टोचून केलेल्या टेस्टमध्ये बोटावरचीच धूळ मिसळून आकडा खोटा वाढू शकतो, तशी केली आणि जास्त आली तर शिरेतून परत करून खात्री करतात. केसांची तपासणी, किंवा औषध देऊन मग लघवीत धातू मोजायची तपासणी, यावर पैसे घालवू नका, त्यावरून काही ठरवता येत नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा "इथून पुढे लक्ष द्या" यासाठी धरते, जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ किंवा जास्त असेल तर स्रोत शोधा आणि तो बंद करा. शिसं रक्तातून निम्मं व्हायला साधारण महिना लागतो पण हाडांत ते वर्षानुवर्षं राहतं, म्हणून आकडा आठवड्यात उतरत नाही, दोन-तीन महिन्यांनी परत मोजायचा.

आणि ते ड्रॉप्स देऊ नका. ज्यांना खरोखर शरीरातून शिसं काढायचं औषध लागतं, त्याला कीलेशन म्हणतात, त्या लहान मुलांमध्ये आकडा ४५ किंवा वर असतो आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात कीलेशनचं चुकीचं औषध दिल्याने रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत, त्यात लहान मुलं होती. बाटलीवर "नैसर्गिक" लिहिलं म्हणून त्यात काय आहे ते कळत नाही. ज्या बाईंनी सुचवलं त्यांनी चांगल्या मनानेच सुचवलं असणार, त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही, बाटली कपाटातही ठेवू नका एवढंच.

आकडा जास्त आला तर लगेच रस्त्याला दोष देऊन थांबू नका. आधी घरात बघा: जुना रंग पापुद्रे काढतोय का, मसाल्यात रंगाची भेसळ, चकाकी दिलेली मातीची भांडी, डोळ्यात घालायची काही पारंपरिक प्रसाधनं, घरातलं कुणी बॅटरी, वेल्डिंग, रंगकाम, भंगार अशा कामावरून त्याच कपड्यांत घरी येतंय का. खूपदा असं होतं की घराबाहेरच्या धुळीशी आपण भांडत राहतो आणि शिसं स्वयंपाकघरातून येत असतं.

घर विकायचं, तर हे बघा. नवीन घर लांब असलं तरी ते जुनं असेल आणि राहायला जाण्याआधी तुम्ही तिथला जुना रंग कोरडा घासून काढलात, तर एका आठवड्यात चौकातल्या वर्षभराच्या धुळीपेक्षा जास्त शिसं घरात पसरू शकतं. लांबची जागा आधी काय होती, बॅटरीचा कारखाना, भंगारवाडा, हेही कुणी सांगत नाही. म्हणून माझं मत असं की आधी रक्त तपासा, सहा महिने दार-फरशी-हात हे नीट करा, परत तपासा. आकडा कमी असेल किंवा उतरत असेल तर कर्जाच्या ओझ्यावर दुसरं ओझं घेऊ नका. घरातले सगळे स्रोत तपासूनही दोन्ही वेळा तो जास्त आला तर मग जाणं हा खरा पर्याय आहे आणि तेव्हा नवऱ्यासमोर तुमच्याकडे भीतीऐवजी दोन रिपोर्ट असतील. मोठी रहदारी मुलाच्या फुप्फुसांना आणि झोपेलाही त्रास देते, त्या कारणाने जायचं असेल तर तो विचार वेगळा करा, शिशाच्या नावावर त्याचा निकाल लावू नका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. गरोदर असाल तर लक्षात घ्या की हाडांत साठलेलं जुनं शिसं गरोदरपणात रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं, म्हणून कॅल्शियम टाळू नका आणि घराचं रंग घासायचं काम या दिवसांत काढू नका. आणि रस्त्यालगत भाजी लावत असाल तर बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीत, उंच वाफ्यात लावा, जमीन झाकून ठेवा, पालेभाज्या नीट धुवा, कंद सोलून घ्या. फळभाजीत शिसं पानांपेक्षा आणि मुळांपेक्षा कमी जातं.

एक गोष्ट मात्र घरात बसून होत नाही. रस्ता झाडायचं यंत्र फक्त ब्रशचं असेल तर ते जाडी रेती उचलतं आणि बारीक धूळ मागे सोडतं, कधी आणखी उडवतं, हवा ओढून घेणारी यंत्रं जास्त बारीक धूळ उचलतात. जे सफाई कामगार कोरड्या झाडूने चौक झाडतात त्यांच्या अंगावर तर हे रोज बसतं, तुमच्यामाझ्यापेक्षा कितीतरी जास्त. रस्त्याच्या कडेची उघडी माती झाकली, गवत लावलं तरी फरक पडतो. सोसायटीच्या चार घरांनी मिळून नगरपालिकेला एक पत्र द्यायचं, त्यात ती बातमी जोडायची आणि एवढंच मागायचं: कोरडं झाडू नका, कडेची माती झाका, आणि कामगारांना मास्क आणि हात-पाय धुवायची सोय द्या. हे पत्र नवऱ्याने लिहिलं तर आणखी बरं, तो त्या रस्त्यावर वाढलाय, त्याच्या शब्दाला तिथे वजन असेल.

रिपोर्ट आला की आकडा आणि तारीख मला लिहून पाठवा, मुलाचं वजन आणि हिमोग्लोबिनही लिहा. तोवर आज संध्याकाळी त्याला खाली घेऊन जा, मास्क न लावता, हिरवळीच्या आतल्या बाजूला. वर आल्यावर चपला दाराबाहेर काढा, हात साबणाने धुवा आणि मग त्याला जेवायला बसवा.